काळी नळी कुठे सोडायची?

"ताई, हे वेस्ट कुठे सोडू?" आरओ मशिनच्या फिटिंगला आलेल्या मुलाने विचारलं. एका हातात पाना, दुसऱ्या हातात काळी नळी, आणि नळीच्या टोकातून बारीक धार सरळ माझ्या बेसिनमध्ये. त्याच्यासाठी हा रोजचाच प्रश्न. घरोघरी तो हेच विचारत असणार आणि घरोघरी लोक मोरीकडे बोट दाखवत असणार. मी मात्र "थांब, थांब" म्हणत बाथरूममधली बादली आणायला धावले. ती भरत आली तशी दुसरी आणली, मग कपडे भिजवायचा टब. शेजारच्या निळ्या नळीतून पहिलं कामाचं पाणी यायच्या आत घरातली मोठी भांडी संपत आली होती. मुलगा बघत उभा. "पण हे प्यायला नाहीये ना तुमचं मशिन?" नाही रे बाबा, माशांसाठी आहे. खाऱ्या पाण्यातल्या. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. एवढंच म्हणाला, "म्हणजे आधी सगळा क्षार काढायचा आणि मग परत मीठ घालायचं?"

हो. तेच.

दोन वाक्यांत त्याने माझ्या सगळ्या खटाटोपाचा हिशोब मांडला होता. दुसऱ्या वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं. पहिलं, ते काळ्या नळीचं, मात्र डोक्यात घोळत राहिलं.

नाशिकमध्ये राहून पाण्याला नावं ठेवणं म्हणजे कृतघ्नपणाच. गंगापूर धरणाचं पाणी. पुण्या-मुंबईचे पाहुणे दोन दिवस राहून जाताना "तुमच्याकडे केस कसे मऊ होतात गं" म्हणून जातात. मग या पाण्यात समुद्री मीठ कालवलं की झाला समुद्र, असं माझ्या भाच्यासारखं मलाही वाटलं असतं, जर टाकीतलं पाणी उडून गेलं नसतं तर. पण ते उडतं. चैत्रात इथली हवा अशी कोरडी असते की दोनशे लिटरच्या टाकीतून दिवसाला तीन-साडेतीन लिटर पाणी सहज वर जातं. जातं ते निव्वळ पाणी. मीठ, चुना, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका, सगळं मागे राहतं. वरून आपण नळाचं पाणी भरलं की त्यातला चिमूटभर ऐवज आधीच्या ऐवजात जमा होतो. दोन महिन्यांत टाकी स्वतःएवढं पाणी पिऊन टाकते, आणि नळाचं कितीही चांगलं पाणी दोन-दोन महिन्यांनी असं आटवत गेलं की ते चांगलं राहत नाही. पांढऱ्या वाळूवर तपकिरी साय धरते, काचेवर बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं. म्हणून खाऱ्या पाण्याच्या टाकीला भरीचं पाणी लागतं ते असं, की त्यात काहीच नाही. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा सांगणारा, लावला तर शून्य.

हे शून्य कुठून आणायचं यावर मला जेवढे सल्ले मिळाले तेवढे मुलीच्या लग्नातसुद्धा मिळाले नव्हते. स्वयंपाकघरात प्युरिफायर आहे की, त्याचं पाणी घाल, असं घरातल्यांचं मत. तो प्युरिफायर आमच्यासाठी उत्तम आहे. मेंब्रेनने, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्याने, काढलेलं थोडं पाण्यात परत मिसळायला त्यात टीडीएस कंट्रोलर आहे, चवीसाठी खनिजांचं काडतूस आहे, आणि जाहिरातीतल्या आजोबांना तरतरी आणणारं तांबंही आहे. आमच्या आईने जन्मभर रात्री तांब्याच्या कळशीत पाणी भरून ठेवलं आणि सकाळी आम्हाला ते बळेबळे पाजलं. माणसाला मानवणारं तेच तांबं कोळंबीला आणि समुद्री गोगलगायींना विष आहे. अगदी थोडं पुरतं. मासा एक वेळ तग धरेल, बिनकण्याचे जीव धरत नाहीत. त्याच कारणाने एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही बाद झालं, कारण ते तांब्या-अॅल्युमिनियमच्या कॉइलवरून, धूळ धुऊन खाली येतं. वीस लिटरचे जार? त्यात आज एक आकडा, उद्या दुसरा. बॅटरीचं पाणी चांगलं, पण उन्हाळ्यात रोज साडेतीन लिटर विकत आणायचं म्हणजे रिकाम्या कॅनांचा डोंगर. एकाने तर सुचवलं, मुंबई चार तासांवर आहे, समुद्राचंच पाणी आण ना. कसारा घाटातून हिंदकळत येणाऱ्या किनाऱ्याच्या पाण्यात जे काही जिवंत असतं ते बंद कॅनमध्ये मरतं, आणि पाणी इगतपुरीपर्यंत वास मारायला लागतं. शिवाय किनाऱ्याच्या पाण्यात आणखी काय काय असतं ते आपण सगळे बघतोच.

उरलं ते आरओ, म्हणजे मेंब्रेनमधून दाबाने पाणी गाळणं, आणि त्याच्यापुढे डीआय, म्हणजे तरीही उरलेला क्षार रेझिनच्या दाण्यांनी टिपणं. इथे मला गुरू भेटले ते आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर. काका एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले, पाण्यातले क्षार काढणाऱ्या डीएम प्लांटवर आयुष्य घालवलेले. बॉयलरला पाणी लागतं ते नळाचं चालत नाही, त्यातला प्रत्येक क्षार आधी काढून घ्यावा लागतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मी माशांसाठी पाणी करायचं म्हणते हे ऐकून बिल्डिंगमध्ये कोणी कपाळाला हात लावला, कोणी "हौसेला मोल नाही" म्हटलं. काका मात्र खुर्चीत पुढे सरकून बसले. "सिलिका किती चालते तुझ्या माशांना?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

सिलिका, म्हणजे पाण्यात विरघळलेला वाळूचाच अंश, हे काकांचं जुनं वैर. आपल्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात ती असतेच, विहिरी-बोअरला जास्त. बॉयलरच्या दाबाखाली ती वाफेबरोबर उडते आणि टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन काचेसारखी बसते. माझ्याकडे ती वाळूवरची तपकिरी साय पोसते. तिचा खोडसाळपणा असा की मीटरला ती जवळजवळ दिसतच नाही. आपण जो टीडीएस मीटर पाण्यात बुडवतो तो खरं तर क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून अंदाज सांगतो. सिलिका वीज वाहून नेण्यात फारसा भाग घेत नाही. रेझिन थकायला लागलं की सगळ्यात आधी सुटते तीच, आणि आकडा शून्यावर गप्प बसलेला असतो. "मीटर शून्य दाखवतोय म्हणून झोपू नकोस," काका म्हणाले. "आम्ही मीटरवर झोपलो असतो तर नाशिक अंधारात गेलं असतं."

त्यांनी त्यांच्या जुन्या डायरीच्या पाठकोऱ्या पानावर दोन उभे डबे काढून दाखवले. पहिल्या डब्यातले दाणे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम धरून ठेवतात आणि बदल्यात हायड्रोजन सोडतात. दुसऱ्यातले क्लोराइड, सल्फेट, सिलिका धरतात आणि हायड्रॉक्सिल सोडतात. दोन्ही भेटले की पाणी. "म्हणजे काढलेल्या मिठाच्या जागी पाणीच भरलं गेलं, कळलं का?" प्लांटवर हे दाणे थकले की एका डब्यात आम्ल आणि दुसऱ्यात कॉस्टिक फिरवून ते ताजे करत. घरच्या मशिनात दोन्ही दाणे एकत्र कालवलेले असतात, थकले की फेकायचे. मोहरीएवढे दाणे, ओले असताना हातात घेतले तर माशाच्या गाबोळीसारखे निसटतात. नवे निळे, संपत आले की खालून वर पिवळट होत जातात. पारदर्शक डब्यातून ती रेघ चढताना दिसते. उन्हाळ्यात जरा भरभर चढते.

मशिन निवडताना दुकानदार लोक डब्यांची संख्या मोजून दाखवतात. पाच स्टेज, सहा स्टेज, सात स्टेज. काकांनी एक वाक्य सांगितलं आणि बाकी सगळं सोपं झालं. "मेंब्रेनवर पैसे घाल, रेझिन आपोआप वाचेल." आमच्या नळाचं पाणी मीटरवर 140 च्या आसपास असतं. 95 टक्के क्षार अडवणाऱ्या मेंब्रेनमधून पुढे सात जातात, 98 टक्के अडवणाऱ्यातून तीनसुद्धा नाहीत. कागदावर फरक तीन टक्क्यांचा, रेझिनच्या दृष्टीने अडीच पटीचा. मी दिवसाला 75 गॅलनची चांगली मेंब्रेन घेतली आणि दुकानदाराचे दोन चकचकीत डबे नाकारले. त्यातला एक पाणी अल्कलाइन करणारा होता. माशांना अॅसिडिटी नाही, असं सांगावं लागलं.

बाकीचं भराभर सांगते. मेंब्रेनच्या आधी गाळ अडवणारा स्पन फिल्टर आणि कार्बन ब्लॉक हवाच, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मेंब्रेन खाऊन टाकतं. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला की पांढरा स्पन मातकट होतो, तेव्हा तारीख न बघता बदलायचा. गच्चीवरची टाकी आमच्या नळापासून जेमतेम सहा मीटर उंच, म्हणजे दाब नऊ पीएसआयच्या आत. मेंब्रेनला पन्नास-साठ लागतो, म्हणून बूस्टर पंप आला आणि त्याची ती दातांत भरणारी घूंऽ आली. थंडीत, निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, मशिन पेंगतं, कारण गार पाणी मेंब्रेनमधून सावकाश जातं. मशिन बंद राहिलं की मेंब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार समान व्हायला बघतात, त्यामुळे सुरू केल्यावर पहिलं लिटरभर पाणी रेझिनला द्यायचं नाही. थोडं थोडं रोज करण्यापेक्षा आठवड्याला एकदाच पिंप भरावं, ते याचसाठी. आणि पिंप भरताना, खरं तर, ऐकू येते ती काळ्या नळीची धार. निळ्या नळीतलं पाणी गुपचूप येतं.

एक भाग कामाचं, तीन भाग काळ्या नळीचं. उन्हाळ्यात आठवड्याला सात-आठ बादल्या.

मी मूळची मनमाडची. नाशिक जिल्ह्यातल्या वाचकाला यापुढे काही सांगायची गरज नाही. नळ पंधरा-वीस दिवसांनी यायचा, कधी रात्री दोनला, आणि मग सगळी गल्ली जागी. पिंपं, हंडे, घमेली, दुधाच्या बरण्या, शेवटी शेवटी वाट्यासुद्धा. आंघोळ मोठ्या घमेल्यात उभं राहून करायची. पायाशी साचलेलं पाणी संडासाला. तांदूळ धुतलेलं तुळशीला, भाजी धुतलेलं भांड्यांच्या पहिल्या हाताला. मधले दिवस बोअरचं पाणी, मचूळ, साबणाला फेस नाही, आणि त्यात डाळ शिजायची नाही. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या व्हायच्या आणि तूर दाताखाली तशीच. आई सोडा घालायची, मग वरणाला त्या सोड्याचा वास. गोदावरी एक्स्प्रेसने शिकायला नाशिकला आले तेव्हा होस्टेलच्या नळाखाली हात धरून मी किती वेळ उभी राहिले होते, ते आठवून आजही हसू येतं. आणि आता त्याच बाईच्या घरात, माशांची जोडी, दोन कोळंब्या आणि मूठभर गोगलगायींसाठी, सात-आठ बादल्या.

फिटिंगवाला गेल्यावर काळ्या नळीच्या पाण्यात मीटर बुडवायचं मला लगेच सुचलं नाही. सुचलं तेव्हा बादल्या बाल्कनीत रांगेने उभ्या होत्या आणि कामाच्या मावशी त्यांच्याकडे संशयाने बघत होत्या. "ताई, यात काय औषध आहे का?" मीटरवर आकडा आला 183. पुन्हा बुडवला, तेवढाच. हिशोब केला तर बरोबरच होता. चार भाग पाण्यातला क्षार तीन भागांत आला, तर 140 चे 186 व्हायचे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात चांगली मर्यादा 500 ची आहे, म्हणजे हे त्याच्या निम्म्यातही नाही. वर ते स्पनमधून गाळलेलं, कार्बनमधून क्लोरीन काढलेलं. मनमाडला असं पाणी नळाला आलं असतं तर आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले असते.

मावशींना मी तो आकडा दाखवला. आकड्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्या पेठ तालुक्यातल्या. पावसाळ्यात कोसळतो तिकडे, आणि एप्रिल लागला की बायका दरीत उतरून झऱ्यावर वाटी-वाटीने हंडा भरतात. सगळा पाऊस उतारावरून पळून जातो. त्यांनी ओंजळीत थोडं घेतलं, वास घेतला आणि फरशी पुसायला बादली उचलली. "चांगलं पाणी आहे की. नळाचंच आहे हे." मशिनचं एवढं नेमकं परीक्षण मला कुठल्याच दुकानात मिळालं नव्हतं. तरीही त्यांच्यासमोर त्या शून्याच्या पाण्याने टाकी भरताना मला जरा चोरट्यासारखं होतं, ते अजून गेलेलं नाही. त्यांना क्लाउनफिश आवडतात. "हा नारिंगी आज रुसलाय" वगैरे त्याच सांगतात. कोळंबी मात्र पाळायची वस्तू आहे हे त्यांना पटलेलं नाही.

2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने म्हटलं होतं की जिथे पाण्याचा टीडीएस 500 च्या खाली आहे तिथे आरओवर बंदी आणावी, आणि जिथे वापरायचं तिथे निदान 60 टक्के पाणी हाती यावं. तेव्हा मी ती बातमी वाचून "बरोबरच आहे" म्हटलं होतं, आणि आजही म्हणते. आमच्या पाण्याला पिण्यासाठी आरओची गरज नाही. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरची मेंब्रेन मी त्याच आठवड्यात काढायला लावली, कार्बन आणि यूव्ही ठेवलं. घरात ज्याला खरंच शून्य लागतं ते एकच गिऱ्हाईक आहे, ते काचेत राहतं.

गंमत म्हणजे हे यंत्र मुळात उलट कामासाठी जन्मलं. 1960 च्या आसपास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या शाखेत सिडनी लोब आणि आपल्याकडून गेलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी पहिली उपयोगी मेंब्रेन बनवली, ती समुद्राचं पाणी गोड करायला. 1965 मध्ये कोअलिंगा नावाच्या छोट्या गावात तिच्यावर चालणारा पहिला प्लांट बसला. त्या गावाचं भूजल इतकं खारट होतं की एके काळी पिण्याचं पाणी रेल्वेच्या टँकरमधून यायचं. रेल्वे आणि मचूळ पाणी म्हटल्यावर मला ते गाव लगेच ओळखीचं वाटलं. समुद्र पिता यावा म्हणून केलेल्या या शोधाने मी गोड पाणी कोरं करते आणि लिटरला 35 ग्रॅमच्या हिशोबाने त्याचा समुद्र करते. मीठ ओतताना बारीक धूळ उडते, ओठ खारट होतात. आमची गोदावरीही तशी तऱ्हेवाईकच. ब्रह्मगिरीवरून अरबी समुद्र ऐंशी किलोमीटरवर, आणि ही बाई पाठ फिरवून 1465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. माझे मासे हॅचरीत जन्मलेले, दोन्ही समुद्र न पाहिलेले. त्यांच्या पुरता समुद्र गंगापूर रोडला आहे.

दिवाळीनंतर आई आली होती. तिने टाकी पाहिली, मासे पाहिले, "छान आहेत" म्हणाली आणि बाल्कनीत जाऊन बादल्या मोजल्या. फरशी, संडास, गाडी, कुंड्या, सगळं होऊन दोन उरतात, असं मी सांगितलं. तिने काही न बोलता त्या पाण्यात तूर लावली. तीन शिट्ट्या. झाकण उघडून पळीने ढवळलं, डाळ मेणासारखी. आई म्हणाली, "आणि हे तू संडासात ओततेस?"

काकांच्या मते आता एकच उपाय. काळी नळी मोरीकडे न नेता दुसऱ्या मेंब्रेनमध्ये घालायची, म्हणजे तिच्यातूनही काही पाणी कामाचं निघेल आणि एकास तीनच्या जागी एकास एकपर्यंत येता येईल. जिथे मूळ पाणी जड आहे तिथे दुसरी मेंब्रेन लवकर चोंदते, आमच्या 140 ला ती चालून जाईल. काळ्या नळीची धार आवळणारा फ्लो रिस्ट्रिक्टर बदलावा लागेल, पंपावर ताण येईल का हे बघावं लागेल, आणि रेझिनची रेघ थोडी लवकर चढेल. दोन हजारांच्या आसपास खर्च. काका म्हणतात कर, घरातले म्हणतात आता पुरे. आईने येताना मनमाडहून दोन झाकणाची पिंपं आणली होती, ती जागा अडवून बाल्कनीत बसली आहेत, आणि दुसरी मेंब्रेन आली तर ती रिकामी राहतील म्हणून तिचाही विरोध आहे. मी मेंब्रेन मागवली. तोच मुलगा शनिवारी येतो म्हणालाय. शनिवारी पाणी बंद असेल तर रविवारी.